फाशीची शिक्षा आणि शाश्वत विकासाची मूल्ये : पुराव्याच्या भाराचा प्रश्न

प्रस्तावना

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली. या १६९ लक्ष्यांत फाशीच्या शिक्षेचा उल्लेख एकदाही येत नाही. सोळावे उद्दिष्ट शांतता, न्याय व सक्षम संस्था यांविषयीचे आहे. त्यातील पहिले लक्ष्य सर्व प्रकारची हिंसा आणि तिच्यामुळे होणारे मृत्यू कमी करण्याचे, तर तिसरे लक्ष्य कायद्याचे राज्य आणि सर्वांना समान न्याय उपलब्ध करून देण्याचे आहे. मात्र राज्यसंस्था स्वतः जो मृत्यू घडवून आणते, त्याबाबत हा मसुदा मौन बाळगतो. हे मौन अनवधानाने आलेले नसावे. १९३ सदस्य राष्ट्रांच्या एकमताने तयार झालेल्या दस्तऐवजात चीन, इराण, सौदी अरेबिया, अमेरिका, जपान आणि भारत यांना एकाच वेळी मान्य होईल असे विधान या विषयावर करणे शक्यच नव्हते. फाशीच्या शिक्षेला तहकुबी द्यावी, असा ठराव आमसभेत २००७ मध्ये प्रथम १०४ विरुद्ध ५४ मतांनी संमत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच आशयाच्या ठरावाच्या बाजूने १३० राष्ट्रे उभी राहिली. या दोन्ही वेळी भारताने विरोधात मत दिले.

फाशीचा विचार शाश्वत विकासाच्या चौकटीत करावयाचा, तर या मौनापासूनच सुरुवात करावी लागते. अलीकडे कोणत्याही विषयाला एखाद्या उद्दिष्टाचा क्रमांक जोडून चर्चासत्र भरवण्याची जी प्रथा उच्च शिक्षणात रुजली आहे, तिने या संकल्पनेचे फारसे भले केलेले नाही. ‘फाशी ही सोळाव्या उद्दिष्टाशी विसंगत आहे’ एवढे म्हणून थांबणे, हे त्याच प्रथेचे एक उदाहरण ठरेल. शाश्वत विकास या विचारात अशी कोणती मूल्ये आहेत, की जी गांभीर्याने स्वीकारली असता मृत्युदंडाच्या समर्थनाला उत्तर द्यावे लागते, हे तपासणे अधिक उपयुक्त होय. येथे ही तपासणी मुख्यतः भारतीय न्यायनिर्णयांच्या आधारे केली आहे.

निर्देशांकांची मर्यादा

प्रथम एक सोपा वाटणारा मार्ग बाजूला ठेवणे आवश्यक आहे. विकसित राष्ट्रे फाशी रद्द करतात आणि मागासलेली राष्ट्रे ती चालू ठेवतात, असे एक समीकरण मांडले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. मानव विकास निर्देशांकात अग्रभागी असणारा सिंगापूर अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीही फाशी देतो. जपान आणि अमेरिकेतील अनेक राज्ये यांनी ती सोडलेली नाही. उलट रवांडाने २००७ मध्ये, म्हणजे १९९४ च्या नरसंहाराच्या जखमा ताज्या असताना, फाशी रद्द केली. सिएरा लिओनने २०२१ मध्ये आणि झिम्बाब्वेने २०२४ च्या अखेरच्या दिवशी तेच केले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने ६ जून १९९५ रोजी मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला. त्या वेळी त्या देशातील गुन्हेगारीचे प्रमाण भयावह होते आणि लोकमत फाशीच्या बाजूने होते. न्यायमूर्तींनी हे दोन्ही मान्य करूनच निर्णय दिला. दरडोई उत्पन्न आणि फाशी यांच्यात कार्यकारणसंबंध शोधण्यात म्हणूनच अर्थ नाही. प्रश्न मूल्यांचा आहे.

ही मूल्ये कोणती? १९८७ च्या ब्रुन्टलँड आयोगाने केलेली व्याख्या सर्वपरिचित आहे. तिच्यात भावी पिढ्यांच्या गरजांचा विचार आहे आणि गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम आहे. अमर्त्य सेन यांनी १९९९ मध्ये विकासाची मांडणी स्वातंत्र्याचा विस्तार अशी केली. परंतु फाशीच्या संदर्भात सर्वांत उपयुक्त ठरणारे तत्त्व १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील पंधराव्या कलमात आहे. ज्या कृतीमुळे गंभीर किंवा भरून न येणारी हानी होण्याचा धोका असेल, तेथे वैज्ञानिक खात्री अपुरी आहे हे कारण सांगून प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकता येणार नाहीत, असे ते पूर्वदक्षतेचे तत्त्व सांगते. नदी एकदा विषारी झाली, प्रजाती एकदा नष्ट झाली, की ती परत आणता येत नाही. म्हणून शंकेचा फायदा निसर्गाला द्यावयाचा. फाशीच्या दोरापाशी आलेल्या माणसाबाबतही हानीचे स्वरूप नेमके हेच असते.

दोन निकालपत्रांचे वाचन

हे साम्य केवळ आलंकारिक आहे, असे कोणी म्हणू शकेल. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन निकालपत्रांत सापडते. ती दोन्ही एकत्र वाचण्याची पद्धत नाही. एक पर्यावरण कायद्याच्या अभ्यासक्रमात असते, दुसरे फौजदारी कायद्याच्या. आणि दोन्हींचे प्राध्यापक वेगळे असतात.

पहिले निकालपत्र ऑगस्ट १९९६ चे, वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम या प्रकरणातील. तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याने जमीन व भूजल दूषित होत होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने शाश्वत विकासाची संकल्पना भारतीय कायद्याचा भाग मानली आणि पूर्वदक्षतेच्या तत्त्वाचा अर्थ स्पष्ट करताना सांगितले, की आपली कृती पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती कृती करणाऱ्यावर, म्हणजे उद्योजकावर राहील. हानी सोसणाऱ्याने पुरावा आणावयाचा, ही जुनी व्यवस्था येथे उलटी झाली.

दुसरे निकालपत्र त्याआधीचे, ९ मे १९८० चे, बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातील आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंड घटनात्मक ठरवला आणि तो ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांतच द्यावा अशी मर्यादा घातली. हा शब्दप्रयोग पुढे इतका लोकप्रिय झाला, की निकालपत्रातील त्याहून महत्त्वाचा भाग झाकला गेला. ज्येष्ठ विधिज्ञ डॉ. चितळे यांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची एक यादी न्यायालयापुढे ठेवली होती. आरोपी पुन्हा हिंसक कृत्य करून समाजाला सतत धोका ठरणार नाही ही शक्यता आणि त्याच्यात सुधारणा व पुनर्वसन होण्याची शक्यता, या त्या यादीतील दोन बाबी होत्या. या दोन बाबी आरोपीला लागू होत नाहीत हे राज्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे, असेही तेथे नमूद होते. न्यायालयाने ही परिस्थिती निःसंशय विचारार्ह मानली.

याचा अर्थ असा, की पूर्वदक्षतेचे तत्त्व रिओमध्ये शब्दबद्ध होण्याच्या बारा वर्षे आधी भारतीय फौजदारी न्यायशास्त्रात ते व्यवहारतः येऊन बसले होते. परत न घेता येणारी कृती करू इच्छिणारा जो पक्ष, त्यानेच ती अपरिहार्य असल्याचे दाखवून द्यावयाचे. चर्मोद्योगाच्या बाबतीत तो पक्ष कारखानदार होता, फाशीच्या बाबतीत तो राज्य आहे. दोन्ही निकालांचा सांगाडा एकच आहे. पुढील चाळीस वर्षांत पर्यावरणाच्या प्रकरणांत हा भार कमी-अधिक प्रमाणात अंमलात आला. फाशीच्या प्रकरणांत मात्र अपराधाच्या क्रौर्याचे वर्णन हाच पुरावा मानण्याची सवय लागली. १९८३ च्या माच्छी सिंग निकालाने गुन्ह्यांचे पाच प्रकार आखून दिले, तेव्हापासून तर न्यायाधीशाची दृष्टी गुन्हेगारावरून पूर्णपणे गुन्ह्याकडे वळली. आरोपी सुधारू शकत नाही, यासाठी राज्याने कारागृहातील वर्तनाचा अहवाल, मानसशास्त्रीय तपासणी किंवा कौटुंबिक पार्श्वभूमीचा पुरावा सादर केला, असे खटले शोधावे लागतात. दोषसिद्धी आणि शिक्षेवरील सुनावणी एकाच दिवशी उरकण्याचा प्रघातही पडला. एखाद्या कारखान्याला परवानगी देण्यासाठी पर्यावरणीय परिणामांचा जेवढा जाड अहवाल लागतो, त्याच्या दशांश कागदही माणसाला फाशी देताना दाखल होत नसत, हे विधान कटू असले तरी अतिशयोक्त नाही.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव प्रथमच पद्धतशीरपणे दूर करण्याचा प्रयत्न केला. आरोपीविषयीची माहिती राज्याने खटल्याच्या टप्प्यावरच द्यावी आणि त्याच्या मानसिक स्थितीचे व कारागृहातील वर्तनाचे अहवाल मागवावेत, असे निर्देश देण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा विषय घटनापीठाकडे सोपवण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही, या निर्देशांचे पालन झाले नसल्यास शिक्षेच्या प्रश्नावर पुन्हा सुनावणी होऊ शकते, असे त्याने मान्य केले. बेचाळीस वर्षांनंतर भाराचा प्रश्न मूळ जागी परतू लागला आहे.

हानी कोणाच्या वाट्याला येते

पर्यावरणीय अन्यायाच्या अभ्यासात एक प्रश्न नेहमी विचारला जातो : प्रदूषणाचा भार कोणाच्या वस्तीवर पडतो? फाशीबाबत हाच प्रश्न न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी बच्चन सिंग प्रकरणातील आपल्या भिन्नमतात विचारला. हे भिन्नमत ऑगस्ट १९८२ मध्ये, बहुमताच्या निकालानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने प्रसिद्ध झाले. मृत्युदंड प्रत्यक्षात गरीब व वंचितांवरच कोसळतो, असे निरीक्षण त्यांनी तेथे नोंदवले. त्या वेळी त्याला आकडेवारीचा आधार नव्हता. तो दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने पुरवला. फाशीची शिक्षा झालेल्या ३७३ कैद्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या या अहवालानुसार ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य समाजांतील होते आणि सुमारे २३ टक्के शाळेत कधीच गेलेले नव्हते.

या आकड्यांचा वापर जपून करणे अगत्याचे आहे. खुनाच्या आरोपाखाली पकडल्या जाणाऱ्या एकूण लोकांत गरिबांचे प्रमाण किती, हे शेजारी ठेवल्याशिवाय ७४.१ हा आकडा न्यायाधीशांचा पक्षपात सिद्ध करत नाही. फाशीविरोधी लेखनात ही काळजी क्वचितच घेतली जाते. तथापि शाश्वत विकासाच्या दृष्टीने पक्षपाताचा हेतू सिद्ध होण्याची गरज नाही. चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे, दहावे विषमता कमी करण्याचे. ज्याच्यापर्यंत यांपैकी काहीच पोचले नाही, त्याच्यापर्यंत राज्यसंस्था प्रथम पोचते ती पोलीस ठाण्याच्या रूपाने आणि अखेरीस फाशीगेटच्या रूपाने. चांगला वकील, तटस्थ तज्ज्ञ, बचावाचा साक्षीदार शोधून आणणारा नातेवाईक ही साधने पैशांनी आणि ओळखीने मिळतात. सोळाव्या उद्दिष्टातील समान न्यायाचे लक्ष्य जोवर साध्य झालेले नाही, तोवर सर्वांत कठोर शिक्षा त्या असमानतेवरच उभी राहते.

या व्यवस्थेतून किती चुका होतात, याचे उत्तर वरिष्ठ न्यायालयांच्या कामगिरीतच आहे. त्याच विद्यापीठाच्या अभ्यासात २००० नंतरच्या पंधरा वर्षांत सत्र न्यायालयांनी दिलेल्या आणि वरपर्यंत निकाली निघालेल्या फाशीच्या शिक्षांपैकी केवळ पाच टक्क्यांच्या आसपास कायम राहिल्याचे आढळले. बहुतेक शिक्षा जन्मठेपेत बदलल्या आणि लक्षणीय संख्येने लोक निर्दोष सुटले. २०२४ मध्ये सत्र न्यायालयांनी १३९ जणांना फाशी सुनावली. वर्षअखेरीस फाशीच्या छायेतील कैद्यांची संख्या ५६४ होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एकही फाशी कायम केली नाही. समर्थक म्हणतील, की चाळणी उत्तम काम करते याचाच हा पुरावा. परंतु ज्या उत्पादनातील शंभरांपैकी पंचाण्णव नग सदोष निघतात, त्या कारखान्याची तपासणी चांगली आहे म्हणून कोणी त्याची प्रशंसा करत नाही.

आणि चाळणीतूनही चुका सुटतात. महाराष्ट्रातील २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांवर खून, दरोडा आणि बलात्काराचा आरोप होता. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी मुक्रर केली. त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांवरून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि ही बाब पुढे आणली गेली नव्हती. राज्याने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. सोळा वर्षांची किंमत पाच लाख कशी, हा प्रश्न आहेच. पण भरपाई घ्यायला माणसे जिवंत होती, हे येथे अधिक महत्त्वाचे.

नेहमीच तसे घडलेले नाही. राजस्थानातील एका खटल्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यास सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगाराची परिस्थिती विचारात न घेता केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावर फाशी कायम केली. मे २००९ मध्ये संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांच्या पीठाने तो निर्णय आणि त्यावर विसंबलेले आणखी सहा निर्णय बच्चन सिंगच्या बंधनकारक तत्त्वाकडे दुर्लक्ष करून दिले गेल्याचे नमूद केले. या निर्णयांपैकी दोहोंतील कैद्यांना तोवर फाशी दिली गेली होती, एकाला १९९६ मध्ये, दुसऱ्याला १९९७ मध्ये. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून उरलेल्यांची शिक्षा बदलण्याची विनंती केली. पहिल्या दोघांबाबत विनंती करण्यासारखे काही शिल्लक नव्हते. चर्मोद्योगाला आपली निरुपद्रविता सिद्ध करण्यास सांगणारा निकाल आणि यांतील पहिली फाशी, दोन्ही १९९६ मधील आहेत.

पूर्वदक्षतेचा उलटा युक्तिवाद

येथवरच्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि फाशीविरोधक तो बहुधा टाळतात. निरपराध माणसाचा खून हीसुद्धा परत न घेता येणारी हानी आहे. फाशीच्या भीतीने असे काही खून टळत असतील, तर पूर्ण खात्री नसतानाही ती शिक्षा ठेवणे हीच पूर्वदक्षता नव्हे काय? कॅस सनस्टाइन आणि एड्रियन व्हर्म्युल या अमेरिकी विधिज्ञांनी २००५ मध्ये जवळपास हाच युक्तिवाद केला. फाशीने जीव वाचत असतील, तर ती देणे राज्याचे नैतिक कर्तव्य ठरू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते.

या आक्षेपाचे उत्तर भावनेने देता येत नाही. तुलना फाशी विरुद्ध मोकळीक अशी नाही. ती फाशी विरुद्ध जन्मठेप अशी आहे. गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवण्याचे काम जन्मठेपही करते. म्हणून फाशीला स्वतःच्या बाजूने दाखवता येईल ती फक्त जन्मठेपेपेक्षा अधिक निर्माण होणारी जरब. या जादा जरबेवर दशकानुदशके संशोधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये त्याचा आढावा घेऊन, फाशीमुळे खुनांचे प्रमाण वाढते, घटते की तसेच राहते याबाबत हे अभ्यास काहीच सांगू शकत नाहीत, असा निष्कर्ष काढला. भारतात तर जरबेचे गणित आणखी पोकळ आहे. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षी सत्र न्यायालयांनी फाशी दिली १६५ जणांना, आणि २००४ ते २०२० या सतरा वर्षांत प्रत्यक्ष फासावर गेले आठ जण. हे आकडे एकाच खटल्यांचे नाहीत, त्यामुळे त्यांचा भागाकार करू नये. परंतु खून करणारा माणूस हिशेब करतच असेल, तर तो या शक्यतेला घाबरेल असे मानणे कठीण आहे. एका पारड्यात राज्याच्या हातून निश्चितपणे घडणारी हानी आहे, दुसऱ्यात जिचे अस्तित्वच दाखवता आलेले नाही अशी संरक्षणाची आशा. अशा वेळी भार कोणावर, हे वेल्लोरच्या निकालाने सांगितलेले आहे.

खर्चाच्या मुद्द्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियाने १९७८ नंतर फाशीच्या व्यवस्थेवर सुमारे चार अब्ज डॉलर खर्च करून तेरा जणांना फाशी दिल्याचा अंदाज २०११ च्या एका अभ्यासात मांडला गेला. भारतातील खटल्यांचे अर्थकारण वेगळे आहे. शिवाय माणसाच्या जीविताचा प्रश्न अंदाजपत्रकावर सोडवणे शाश्वत विकासाच्या विचारालाही शोभणारे नाही.

खैरलांजी आणि फाशीची मागणी

याहून अवघड प्रश्न महाराष्ट्राच्या मातीतच आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने सहा आरोपींना फाशी दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. त्यानंतर जो संताप व्यक्त झाला, त्याला सूडबुद्धी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ज्यांच्या मरणाची दखल व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या घेतली नाही, ते जेव्हा सर्वोच्च शिक्षेची मागणी करतात, तेव्हा ते वस्तुतः आपल्या जिवाचे मोल इतरांच्या जिवाएवढे आहे हे मान्य करण्याची मागणी करत असतात. सुस्थित वर्गाच्या मानवतावादाला ही बाब ऐकू येत नाही.

तरीही या प्रकरणाचे बारकाईने वाचन केले, तर एक गोष्ट समोर येते. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. म्हणजे फाशी देणाऱ्या न्यायालयानेही जातीचे कारण नाकारले. मृत्युदंडाच्या भव्यतेने हे नाकारणे काही काळ झाकले गेले, एवढेच. सहा माणसे फासावर गेली असती आणि खैरलांजी हा जातीय अत्याचार नव्हता असेही कागदोपत्री राहिले असते. विषमता कमी करण्याच्या मूल्याचा विचार करता या दोहोंपैकी कोणती उणीव मोठी, हे ठरवणे कठीण नसावे. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका आठवणे उचित ठरेल. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांच्या अधिकाराची चर्चा चालू असताना, फाशीच्या प्रकरणांत अपिलाची तरतूद करण्यापेक्षा ती शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे मत त्यांनी मांडले होते. अहिंसेला मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असा त्यांचा आशय होता. अत्याचाराचा इतिहास त्यांच्याइतका जवळून कोणी पाहिला होता?

स्त्रियांवरील अत्याचारांबाबतही हाच क्रम दिसतो. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नाही. काही आठवड्यांतच वटहुकमाने विशिष्ट प्रकरणांत तो आणला गेला. २०१८ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती आणखी वाढवली. जमावाकडून होणाऱ्या हत्येसारखे नवे गुन्हेही त्या यादीत आले. प्रत्येक वेळी वर्मा समितीच्या पोलीस सुधारणांविषयीच्या शिफारशी मागे पडल्या. कायद्याच्या पुस्तकात एक ओळ घालण्यास खर्च येत नाही.

विधी आयोगाचा अपवाद

ऑगस्ट २०१५ मध्ये, शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली जाण्याच्या एक महिना आधी, न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला २६२ वा अहवाल सादर केला. १९६७ च्या ३५ व्या अहवालाने फाशी कायम ठेवण्याची शिफारस केली होती. नव्या अहवालाने दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळून ती रद्द करण्याची शिफारस केली. तीन सदस्यांनी असहमती नोंदवली. हा अहवाल भारतीय विधिसाहित्यातील एक प्रगल्भ दस्तऐवज आहे. मात्र त्याचा अपवाद त्याच्याच तर्काला छेद देतो.

चूक होण्याची शक्यता हा आयोगाच्या युक्तिवादाचा कणा आहे. ही शक्यता कोठे सर्वाधिक असते? जेथे लोकक्षोभ तीव्र, तपास यंत्रणेवर दडपण प्रचंड आणि कबुलीजबाबाला विशेष कायद्याने पुराव्याचे स्थान दिलेले असते, तेथे. म्हणजे दहशतवादाच्या खटल्यांत. अक्षरधाम मंदिरावरील २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यात पोटा कायद्याखाली तिघांना फाशी झाली होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व सहा आरोपींना निर्दोष ठरवले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील स्फोटांत दीडशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून वापरला जाऊ नये, असे त्या न्यायालयाने म्हटले. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवण्यास मात्र सांगितले नाही. अंतिम निर्णय कोणताही लागो, फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्येच कारागृहात मरण पावला होता. उच्च न्यायालयाचा निकाल ऐकण्यास तो नव्हता. आणि खरे गुन्हेगार कोण हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांसमोर एकोणीस वर्षांनी पुन्हा तसाच उभा राहिला. आयोगाला अपवाद करावयाचाच होता, तर पूर्वदक्षतेच्या तत्त्वानुसार तो नेमका उलट दिशेने करावा लागला असता.

पर्यायाची चिकित्सा

फाशी रद्द करावी म्हणणाऱ्यांवर पर्यायाची जबाबदारी येते. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट वर्षांपर्यंत किंवा आमरण, शिक्षेत सूट न देता कारावास हा मधला मार्ग काढला. २०१५ मध्ये घटनापीठाने त्याला तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता दिली. अनेक अभ्यासक याकडे प्रगती म्हणून पाहतात. परंतु माणूस कधीच सुधारणार नाही हे गृहीत या शिक्षेतही तसेच आहे, आणि तेही पुराव्याशिवाय. २०२२ च्या अखेरीस भारतीय कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के कैदी होते आणि त्यांतील ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. अशा कारागृहात सुधारणेची संधी देण्याचे आश्वासन कितपत खरे, हे तपासावे लागेल. पीडितांच्या कुटुंबांबाबतही हेच. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ च्या अखेरीस भरपाई योजनेची तरतूद झाली, महाराष्ट्रात २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आली. गुन्हेगाराला फाशी झाली की नाही याची बातमी होते. योजनेतील रक्कम पीडितेला मिळाली की नाही, याची होत नाही.

मनोज निकालाने मागितलेले अहवाल कोण तयार करणार, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर आज परिवीक्षा अधिकारी आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे बोट दाखवून दिले जाते. आरोपीच्या गावी जाऊन त्याचे बालपण, शाळा सुटण्याचे कारण, स्थलांतर, कुटुंबातील आजार यांची नोंद करणे हे समाजकार्य, मानसशास्त्र आणि विधी या तिन्ही शाखांचे काम आहे. मृत्युदंडाच्या कैद्यांसाठी असा तपशील गोळा करण्याचा अनुभव देशात मोजक्याच विद्यापीठीय केंद्रांकडे आहे, आणि ती बहुतांशी महानगरांत आहेत. खटले मात्र भंडारा, जालना, नाशिक, अहिल्यानगर येथील सत्र न्यायालयांत चालतात, आणि शिक्षेच्या मुद्द्यावर न्यायाधीशासमोर काय ठेवले जाते हे तेथेच ठरते.